कालोलाइनेचं 'नको'

आमच्या नेइआफूच्या बंदरावर कालोलाइनेच्या तोंडून कोणी 'नाही' ऐकलं नव्हतं. तशी आम्हा टोंगावाल्यांना तोंडावर नकार देण्याची चोरीच, पण ही बाई आमच्यातही अती. पहार मागा, परातभर तारोचे कंद मागा, 'हो' ठरलेलं. मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात ती वायरलेसवर बसायची. तिथल्या कॉम्प्युटरलाही तिने कधी दुखावलं नव्हतं.

त्या दिवशी वायव्येकडून वादळ येत होतं. सगळ्या बोटी परतल्या होत्या, एक सोडून. त्या एकीवर तिचा नवरा सातेकी होता. वादळ कुठे वळतंय ते पडद्यावरच्या नकाशात दिसायचं, आणि नकाशा उघडला की पडदा काळा पडायचा. क्षणभराने उजळायचा, नकाशा जरा सरकवला की पुन्हा काळा.

मी बर्फाच्या कारखान्यात इंजिनं बघतो, म्हणून मला हाक आली. ती नकाशा पुन्हा पुन्हा उघडत होती. त्या काळ्या पडद्यात आम्हा दोघांचे चेहरे दिसत होते आणि ते मला बघवत नव्हते.

"कालपासून काय बदललंय?" इंजिन बिघडलं की मी हेच विचारतो.

"काही नाही रे. पडदा चालवणारा नवा प्रोग्रॅम, ड्रायव्हर का काय तो, आलाय, घालू का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं."

"कशाला?"

"इतकं गोडीनं विचारतं. नाही कसं म्हणायचं?"

"अगं बये, ते यंत्र आहे, पाद्रीबाबा नव्हे!"

"ओरडू नकोस पोरीवर," कोपऱ्यातून तिची आत्या म्हणाली. आत्यापुढे आमच्यात बापसुद्धा मान खाली घालतो. मी यंत्राकडे वळलो.

मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे निव्वळ गरजेपुरतं, सुरू केलं. पडद्यावर अक्षरं भोपळ्याएवढी झाली, नेहमीचं चित्र गेलं.

"मेला का रे तो?" कालोलाइने किंचाळली.

ती कॉम्प्युटरबद्दलच विचारत होती. पण बाहेर वारा पत्रे उचकटत होता, आणि आम्हा तिघांचेही डोळे खिडकीतून समुद्राकडे गेले.

नव्या ड्रायव्हरला हाकलून जुन्याला परत बसवायची सोय होती. मी ते बटण दाबलं, मशीन पुन्हा सुरू केलं. नकाशा उघडला. सरकवला, मोठा केला, तरी टिकला. वादळ वळलं होतं. बेटांमधून बंदराकडे येणाऱ्या पाण्याच्या खिंडीच्या तोंडावरच ते थोड्या वेळात येऊन आदळणार होतं.

तेवढ्यात पडद्यावर चौकट आली: नवा ड्रायव्हर तयार आहे, आत्ता घालू? कालोलाइनेचा हात सवयीने 'हो'कडे निघाला.

"म्हण ना हो," आत्या म्हणाली. "बिचारं पुन्हा विचारतंय."

तिचा हात थबकला.

"नको, आत्या," ती म्हणाली, आणि तिने चौकट बंद केली.

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि त्याच वेळी वायरलेस खरखरला.

"कालो, खिंड दिसतेय समोर," सातेकीचा आवाज. "सगळे गारठलेत. घुसतो आणि येतो घरी. येऊ ना?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणतेय मी! मागे फिर, बेटाच्या आडोशाला नांगर टाक. येऊ नकोस!"

नंतर नुसती खरखर, आणि मग तीही बंद. त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. वादळ आमच्या डोक्यावरून जाईपर्यंत ती तिथेच बसून होती. इतकी घाबरलेली बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बोट बंदराला लागली. डोलकाठी मोडलेली, माणसं सगळी धड.

"वायरलेसवर धड ऐकू तरी येत होतं का रे?" मी सातेकीला विचारलं.

"एकच शब्द आला," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून या बाईने मला कधी नाही म्हटलेलं नाही. ऐकलं आणि म्हटलं, पुढे नक्कीच काहीतरी भयंकर असणार. तसाच मागे फिरलो."