एकच ओळ तर बदलायची

सातपूरला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथे मी गणिताच्या सरावपुस्तकांचं टाइपसेटिंग करते. आमच्या पद्धतीत पान समोर दिसत नाही. मजकुराबरोबर संगणकाला आज्ञा लिहायच्या, मग पानं तयार होऊन येतात. खाली दिवसभर लोखंड कापतात, वर आम्ही रंग कालवतो.

रंगांनीच माझा जीव खाल्ला. पुस्तक संपत आलं की गिऱ्हाइकाला जांभळ्याऐवजी हिरवा हवा असायचा, आणि तोही संध्याकाळी, मी पर्स खांद्याला लावल्यावर. मग शीर्षकाचा रंग, चौकटीचा, तक्त्याच्या रेघांचा, सगळे शोधून एकेक बदलायचे. नाशिकरोडला घरी पोचेपर्यंत अंधार. आणि दिवे लागले की बाबांना दिसेनासं होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्म काढलेल्या माणसाची ही गत! भर दिवसासुद्धा रस्ता ओलांडायला त्यांना माझा हात लागतो. आई गेल्यापासून माझ्याबरोबरची संध्याकाळची फेरी एवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं. चार वाजल्यापासून ते पांढरे बूट घालून बसायचे.

म्हणून मी डोकं लावलं. फाइलच्या सुरुवातीला एकच मूळ रंग ठरवला आणि त्यात पांढरा मिसळत बाकीचे काढले. मूळ रंगाचं नाव ठेवलं आई. तिच्यापासून तीन मुली: थोरली आईहून जराशी फिकी, मधली निम्मी-निम्मी, आणि धाकटीत रंग नावापुरता. शीर्षकाला आई, चौकटीच्या कडेला थोरली, रेघांना मधली, उदाहरणांमागे धाकटी. आईचा रंग बदलला की मुली आपोआप बदलायच्या. अख्खं पुस्तक एका ओळीत. मी स्वतःवरच खूश होते.

आठवडाभर वेळेवर निघाले. बाबा आणि मी बागेला चक्कर मारायचो, येताना ते मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालायचे आणि हरायचे.

मग मी मोठ्या हौसेने ती ओळ आमच्या मालकांना, म्हणजे सरांना, दाखवली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आमच्याकडे रंग कितीही वेळा बदलून मिळेल, असं सरांनी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. पूर्वी गिऱ्हाईक एकदा बदलायचं. आता आधी पोपटी, मग मोरपंखी, मग परत आपला जांभळा. "मॅडम, एकच ओळ तर बदलायची," सर म्हणायचे. ओळ एकच हो, पण पानं पुन्हा काढायची, पिवळ्या आईची धाकटी दिसते का ते तपासायचं, पाठवायचं आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीला खिळून राहायचं. माझी बस खिडकीतून जाताना दिसायची. माझ्याच हुशारीने मला कोंडून घातलं होतं आणि ओरडावं तर कुणावर?

घरी गेले की बाबा बूट काढून बसलेले असायचे. तक्रार नाही, चौकशी नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटी एका दुपारी मी रंगांचं ते घरच मोडलं. थोरली, मधली, धाकटी, सगळ्यांची आईपासून फारकत केली, प्रत्येकीला रंगाचे तिचे तिचे आकडे दिले आणि जागोजागी तेच आकडे लिहून ठेवले. संध्याकाळी सरांनी किरमिजी मागितला.

"दोन दिवस लागतील," मी म्हणाले.

"एक ओळ होती ना?"

"आता नाही राहिली."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं, राहू दे जांभळाच."

मी अक्षरशः पळाले. बस मिळाली. सोसायटीच्या फाटकाशी पोचले तेव्हा अजून उतरतं ऊन होतं, आणि वॉचमनच्या पायात बाबांचे पांढरे बूट होते.

तोच संकोचला. "बाबांनीच दिले, ताई. मी नाय म्हनलं, तरी ऐकंना. म्हनले, पडूनच हायेत."

वर बाबा गॅलरीत बसले होते. "लवकर आलीस? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. चप्पल घाला, फिरायला जाऊ. आता रोज येईन मी वेळेवर."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको गं," ते म्हणाले. "परत सवय लागायची."