अजून न लागलेला पिक्चर

मला पिक्चर बघण्यापेक्षा सांगायला जास्त आवडतो. बघताना मी एक साधी बाई असते. सांगताना मी नायिका, खलनायक, पोलीस, कुत्रा आणि पाऊससुद्धा असते. जवळा बाजारात आमच्या गल्लीतल्या बायकांनी अर्धेअधिक थरारपट माझ्या तोंडूनच पाहिलेत. पुढे तोच पिक्चर टीव्हीवर लागला की त्या तक्रार करतात, "काकू, ह्यात तुमच्यासारखी मजा न्हाई."

माझी खासियत म्हणजे नवऱ्याच्या तावडीतून पळणाऱ्या बायकांचे पिक्चर. मोठा बंगला, गोड बोलणारा नवरा, हात उगारणारा तोच नवरा. मग बाई पळते, दूर कुठं नवं घर करते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्या घराच्या पायऱ्यांवर बूट वाजतात. तो परत आलेला असतो! ते बूट मी ओल्या चपला दगडावर आपटून वाजवायचे. बायका किंचाळायच्या आणि मला धन्य वाटायचं.

शेजारच्या घरात भाड्यानं एक जोडपं आलं. तो खताच्या दुकानात कामाला होता. दिसेल त्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करायचा, त्यामुळं गल्लीत त्याचं नाव फार चांगलं. फक्त कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. "चोऱ्या लई होऊन राहिल्यात, काकू," म्हणायचा. बायको आत असताना कुलूप लावायचं, तर चोरून नेण्यासारखं आत काय आहे, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. गल्लीत कुणालाच सुचला नाही.

तिच्या न्हाणीघराला वर एक जाळी होती, आणि जाळीखाली, भिंतीच्या अलीकडे, माझा धुण्याचा दगड. एकदा धुणं धूत मी दुसऱ्या बाजूच्या शेजारणीला गोष्ट सांगत होते. तिचं दूध उतू चाललं म्हणून ती मधेच पळाली. तेवढ्यात जाळीतून आवाज आला, "मंग? पुढं काय झालं?"

असा प्रेक्षक मला जन्मात मिळाला नव्हता. तो उठून जाऊच शकत नव्हता.

मग रोज अकरा वाजता आमचा खेळ सुरू झाला. धुणं आपटलं की गोळी सुटायची, बादली ओतली की गाडी नदीत पडायची. एक वाजता त्याची मोटारसायकल वाजली की मध्यांतर, आणि आवाज एकदम बंद. चेहरा मी कधी पाहिला नाही. वयानं माझ्या लेकीएवढी असावी, आणि प्रश्न मात्र भलतेच विचारायची.

"काकू, ती पळाली तवा पायात काय व्हतं?"

"अनवाणी! पावसात! वीज कडाडून राहिली..."

"आन् आधार कार्ड घेतलं व्हतं का तिनं?"

"अगं माय, पिक्चर हाय तो! आधार कार्डावर कोन टाळ्या वाजवील?"

मी चिडायचे. रंगात आलेल्या माणसाला आधार कार्ड विचारणं म्हणजे काय! तीन महिने मी अशी चिडत होते. मग एका सकाळी तिचा आवाज घोगरा आला. सर्दी झाली का म्हणून विचारलं, तर जाळीतून दोन बोटं बाहेर आली आणि हळूच परत गेली. नखं काळीनिळी होती. दारात चेंगरल्यासारखी.

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं.

"कुलूप तोडते मी," मी म्हणाले. "आत्ता. बत्ता हाय घरात."

"आन् मंग?"

"मंग जा पुसेगावला, माहेरी."

"तो येतो ना पन परत," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच तर सांगून राहिल्या. सगळ्या पिक्चरात येतो."

मी दगडावर खाली बसले. मनातल्या मनात सगळे पिक्चर आठवून पाहिले. सगळ्यात येत होता. मीच आणला होता त्याला, चपला वाजवून वाजवून. त्यानं दाराला एक कुलूप लावलं होतं. आतून दुसरं मी लावत होते, तेही टाळ्या घेत.

माहेरचं विचारलं. पंचमीला भाऊ दोनदा न्यायला आला होता, आणि दोन्ही वेळेला नवऱ्यानं चहा पाजून, पाया पडून त्याला रिकामं परत पाठवलं. फोन स्पीकरवर ठेवूनच करायचा, म्हणून आईला इतकंच कळायचं, की लेक बरी आहे.

नशिबानं धोंड्याचा महिना तोंडावर आला होता. तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना. त्यात जावयाला सासरी बोलवून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लेकीला न पाठवणारा जावई स्वतःच्या मानाला कधी नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आईचा नंबर सांगितला. जवळ कागद नव्हता, म्हणून मी तो साबणाच्या वडीनं दगडावर लिहिला, आणि हाताच्या सवयीनं वर तांब्याभर पाणी ओतलं! तेवढ्यात मोटारसायकल वाजली. माझ्या तांब्याभर पाण्यापायी तिला आणखी एक दिवस त्या घरात काढावा लागला.

नंबर परत विचारून घेतला, आणि फोन लागला तेव्हा मी सगळं सरळ सांगितलं, एकही आवाज न काढता. मग तिची माय म्हणाली, "आमाला तर देवमानूस वाटला व्हता." पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाली, "तांदूळ भिजत घालते. अनारसे करावं लागतील."

इकडे मी तिच्या नवऱ्याला फाटकात गाठलं.

"काय जावईबापू, धोंड्याचं आवतन आलं का पुसेगावहून?"

"बायकोला पाठवायचं न्हाई मला, काकू."

"तिला कोन इचारतंय? मान जावयाचा असतो. ती आपली मागं बसून येनार! आमच्या जावयाला तर आमी चांदीचा दिवा देऊन राहिलो. तुमाला बोलावलंच न्हाई का? अरेरे!"

आवतन आलंच. त्या आठवड्यात मी जाळीखाली शेवटचा पिक्चर सांगितला. त्यात नवरा नवा शर्ट घालून बायकोला स्वतःच मोटारसायकलवर बसवतो, आणि तिच्या पिशवीतल्या खणाच्या घडीत आधार कार्ड आणि बारावीची मार्कशीट असते.

"हा पिक्चर कुटला, काकू?"

"अजून लागला न्हाई."

"ह्यात तो परत येतो का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला शेवट माहीत नव्हता. "येईल बहुतेक," मी म्हणाले. "पन तवा कडी आतून असंल."

बाजाराच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. कुलूप त्यानंच लावलं. मागच्या सीटवरची ती माझ्या कल्पनेपेक्षा फार बारीक होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, शहाणी पोरगी.

संध्याकाळी मोटारसायकल एकटीच परत आली. चांदीचा दिवा हँडलला पिशवीत लटकला होता. चार दिवस तो नमस्कार करेना. मग एकदा माझ्या दगडापाशी येऊन उभा राहिला, जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बूट वाजवत गेला. तेव्हापासून मी भरदुपारीही दार लावून बसू लागले. खरे बूट माझ्या चपलांपेक्षा फार हळू वाजतात.

पंधरा दिवसांनी फोन आला. तोच आवाज, पण मोकळा.

"काकू, तो आलता. दोन तास वसरीत बसला व्हता."

"आन् तू?"

"मी खोलीत, आतून कडी घालून. बाबा आन् भाऊ मधी बसले. मंग गेला. अजून घराभाईर पडून न्हाई राहिले मी. भ्या वाटतं."

"वाटंल काही दिवस."

"आन् काकू, तुमच्या पिक्चरात एक सांगायचं राहिलं. धोंड्याच्या जेवनाला मायचे हात इतके थरथरत व्हते, तेहतीसच्या तेहतीस अनारसे हसले."

कढईत अनारसा विरघळून फुटला, की आमच्याकडे तो हसला म्हणतात.

"मंग त्यानं खाल्ले का?"

"सगळे," ती म्हणाली. "वाटीत, चमच्यानं."