एकशे सत्तावीसपासून सुरू होणारे पत्ते

खडकीच्या कारखान्यातल्या भांडार विभागातून निवृत्त झाल्यावर मी वस्तीतल्या बुद्धविहाराचं वाचनालय सांभाळायला घेतलं. पुस्तकांची यादी संगणकावर चढवण्यात जवळजवळ दोन वर्षं गेली. एका जुन्या संगणकाला सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना यादी पुरवणारं यंत्र केलं आणि त्याला ‘ग्रंथालय’ असं नाव दिलं. त्याच्यापुढे बसलं की यादी झटकन उघडायची. वाचनकक्षातल्या दोन संगणकांवरून मात्र काही केल्या उघडेना. वायरी बदलून पाहिल्या, काही फरक नाही. शेवटी सदाशिव पेठेत राहणाऱ्या, कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना बोलावलं.

यंत्र बिघडलंय, असं मी त्यांना आल्या आल्या सांगितलं.

“अहो, त्याला काय सांगून ठेवलंय ते आधी बघू या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी एक लहानशी फाइल उघडली. तीत नावं होती आणि त्यांचे पत्ते. ‘ग्रंथालय’च्या जोडीला पत्ता होता १२७.०.१.१. हा प्रत्येक यंत्राचा स्वतःपुरता पत्ता, असं त्यांनी समजावलं. यादीचा प्रोग्रॅम सुरू होताना ‘ग्रंथालय’ कुठे आहे असं विचारायचा, हा पत्ता मिळायचा, आणि तो तेवढ्याच पत्त्यावर कान लावून बसायचा. बाहेरून आलेली हाक त्याला ऐकूच यायची नाही.

माझा विश्वास बसेना. बाईंनी सर्व्हरला बाकीच्या संगणकांशी जोडणारी वायर उपटून माझ्या हातात दिली आणि मला ‘ग्रंथालय’ या नावाला हाक मारायला सांगितलं. मी आज्ञा टाइप केली. पडद्यावर एकामागून एक उत्तरं येऊ लागली. वायर माझ्या हातातच होती.

“मग निरोप गेला कुठे?”

“बाहेर पडायच्या आधीच आत वळला. आता एकशे सत्तावीसच्या पुढे हवे ते आकडे घाला.”

मी माझ्या जन्माचा दिवस, महिना आणि सालातले शेवटचे दोन आकडे घातले. त्यालाही उत्तर आलं. असे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्ते स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेत, आणि जगातल्या प्रत्येक संगणकात ते तसेच्या तसे असतात, असं बाई सहज सांगून गेल्या. चाळीस वर्षं मी मालाच्या पेट्यांवर पत्ते लिहिले होते. बाहेर न जाणारा पत्ता कधी पाहिला नव्हता.

बाईंनी त्या ओळीत वाचनालयाच्या जाळ्यातला खरा पत्ता घातला, वायर जोडली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. वाचनकक्षात एक आजी बसल्या होत्या, पन्नाशीनंतर अक्षरओळख झालेल्या. त्यांनी एका बोटाने ‘पा’ टाइप केलं आणि समोर पुस्तकांची रांग उतरली. मी त्यांना मघाचा सगळा प्रकार सांगितला.

“म्हणजे कुणी नसलं तरी ते बोलतं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणालो. आजींनी पुस्तकाचा क्रमांक चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि त्या कपाटाकडे गेल्या.