याओचं कोरं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. उलट खोटंच सांगत आलोय. अंथुर्ण्यात मतदान असलं की बोटाला शाई लावून आम्ही हॉटेलात चहाला बसतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "तात्या, त्या आफ्रिकेतल्या याओचं सांगा की!" मग मी रंगवून सांगतो. तिथल्या साखर कारखान्यात मी पॅन विभाग बघायचो — पॅन म्हणजे पाक शिजवून साखरेचा दाणा पाडायची मोठी बंद कढई. याओ माझा पॅनमन. त्याची सख्खी बहीण खासदारकीला उभी, तरी गड्यानं पॅन सोडून मतदानाला जायचं नाव काढलं नाही. "आयला, कामाचा माणूस हाय!" म्हणतात सगळे. मी मान डोलावतो. लाज वाटते हो, पण डोलावतो.

तो गेला नाही, कारण मी त्याला जाऊ दिलं नाही.

पश्चिम आफ्रिकेतला तो देश — नाव नको, माणसं अजून तिथंच आहेत. याओची बहीण आफी एवढंच म्हणत होती, नदीकाठची गावाची जमीन कारखान्याच्या उसाला द्यायची नाही. मतदानादिवशी सकाळीच मॅनेजर मला म्हणाला, पाचला मतदान संपेस्तोवर तुमची पाळी आत राहू दे. दम दिला नाही, काही नाही. माझा करार वाढायचा होता — ते त्यालाही ठाऊक, मलाही.

दुपारी एकला पॅन उतरवून पाळीतल्या सगळ्यांनी ट्रॅक्टरनं गावी मतदानाला जायचं ठरलेलं. याओनं शिजत्या पाकाचा नमुना काचेवर घेतला, उजेडाला धरला. दाणा कसा — एकसारखा, लखलखीत! इंदापूर-बारामतीच्या कारखान्यांत उभी हयात काढली, असा दाणा क्वचित पाहिला. आणि मी म्हणालो, "खोटा दाणा पडलाय. पाणी सोड, परत शिजव."

खोटा दाणा म्हणजे पाकात मध्येच पडलेला बारीक चुरा. तो विरघळवायचा तर पाणी सोडून पुन्हा तासन्‌तास शिजवावं लागतं. तोवर पॅनमन जागचा हलत नाही. आणि त्याला टाकून बाकीचे कसले जातात?

याओनं काच परत पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. त्याच्याइतकी नजर आमच्यात कुणाचीच नव्हती — त्याला कळलं नसेल? "बरं, साहेब," म्हणाला आणि नळ फिरवला. पॅन उतरला तेव्हा पाच वाजून गेले होते. तो हात धूत होता, बोट कोरं. ट्रॅक्टर फाटकाशी तसाच उभा होता.

आफी थोडक्यात पडली. पुढच्या हंगामात नदीकाठचा ऊस आमच्याच गव्हाणीत पडला. त्याची साखर आम्ही दोघांनी केली.

 पूर्वी मला न विचारता पॅन उतरवणारा याओ त्या दिवसापासून दर वेळी काच घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. "साहेब, हा दाणा खरा का?"

मी काचेकडं न बघताच म्हणायचो, खरा.