डाव्या बैलाचा गोंडा

मोटारसायकल घरी आली तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते तिचं हँडल सजवायचं. दारात आलेल्या कुठल्याही चालत्या वस्तूला नटवल्याशिवाय आमच्या घराला चैन पडत नाही. बैलांची शिंगं रंगवायची, भाड्यानं आलेल्या ट्रॅक्टरलासुद्धा झेंडूचा हार घालायचा. मग मोटारसायकलनंच काय घोडं मारलं होतं?

जुन्नरला एका चाचांचं दुकान होतं. बैलांचे लोकरीचे गोंडे ते स्वतःच्या हातानं बनवायचे. अलीकडं त्याच खिळ्यांवर मोटारसायकलचे चमकदार झुपकेही लटकू लागले होते. हँडलच्या दोन्ही टोकांना लावायचे लाल प्लास्टिकच्या फितींचे दोन झुपके मी आणले. घरच्या घरी बसतात, असं चाचा म्हणाले होते. त्यांनी बहुतेक माझे हात पाहिले नव्हते.

सकाळी अंगणात गाडी उभी केली आणि पाने-पकड मांडून बसलो. ओट्यावर आबा, म्हणजे माझे वडील, रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून बसले होते. आदल्या वर्षी त्यांनी शेवटची बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात विकली आणि त्यानंतर बाजाराची वाटच सोडली. नाहीतर घेणं ना देणं, तरी दर बाजारी जाऊन कुणाच्या तरी बैलाचे दात बघून, वाद घालून, खुशीत परत येणारा हा माणूस. मी गाडीवरून नेतो म्हणालो की उत्तर ठरलेलं, "हातात कासरा न्हाई. मोकळ्या हातानं बाजारात जाऊन काय करू?" त्यांचं ते दिवसभर बसणं मला बघवत नव्हतं. काळजी वाटली की मी भांडतो. गोड बोलायचं खातं आमच्याकडं आईचं आहे.

काम तसं साधं होतं. हँडलच्या टोकाचा स्क्रू काढायचा, झुपक्याची चकती बसवायची, परत आवळायचं. पण उजवीकडचा स्क्रू हलेना. थोडं रॉकेल सोडलं, शिव्या घातल्या. शेवटी निघाला, आणि परत आवळताना चकतीच तुटली. लाल फिती अंगणभर झाल्या. खायला काही पडलं असं वाटून कोंबड्या धावत आल्या.

आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून मला राग आला नाही. थोडा आला.

"ह्याला साज म्हंतोस व्हय?" ते उठले, गोठ्यात गेले आणि खुंटीवरचे दोन गोंडे घेऊन आले.

आमच्याकडं जनावर विकताना दावं आणि साज देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आपलं दावं परत आलं की गोठ्याची लक्ष्मी घरात राहते, असं मानतात, आणि साज पुढच्या जनावरासाठी राखून ठेवतात. आबा त्या दिवशी दावी आणि गोंडे खांद्यावर टाकून बेल्ह्याहून परतले होते. पुढचं जनावर येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी सगळं खुंटीला नीट टांगलं होतं.

आता ते गाडीसमोर असे उभे राहिले, जसे बैलापुढं राहायचे. पुढच्या दिव्यावर थाप मारली आणि आरशाच्या दांडीला गोंडा बांधायला घेतला.

"दोरी क्लचमध्ये अडकंल," मी म्हणालो.

"शिंगाला बांधतोय, तोंडाला न्हाई."

त्यातला डाव्या बैलाचा गोंडा अर्धा चघळलेला होता. उजव्याला शेजाऱ्याचा साज चावायची खोड होती. बांधून झाल्यावर पाहतो तर चघळलेला गोंडा गाडीच्या उजव्या आरशाला.

"आबा, उलटं झालं."

"कशाचं उलटं? डावीकडंच हाय की."

"तुमी समोरून बघताय."

"जलमभर जोडी हाकली मी. मला डावं-उजवं शिकवतोस?"

"हाकताना कुठं बसायचात? मागंच ना? मग मागं बसून बघा की!"

मी चिडून बोललो होतो. यामागं काही डाव वगैरे नव्हता. आई पिठाचे हात घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

आबांनी धोतर आवरलं, सीट दाबून पाहिली आणि पाय टाकला. मी गाडी घट्ट धरली. त्यांनी एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं.

"व्हय रं," ते हळूच म्हणाले. "डावा उजवीकडं गेलाय."

उतरले मात्र नाहीत. बसल्या बसल्याच वाकून दोन्ही गोंडे सोडले आणि बदलून बांधले. मग हँडल दोन्ही हातांनी धरलं, आणि जीभ टाळूला लावून बैलांना चालवायचा तो आवाज काढला. वर्षभर तो आवाज आमच्या अंगणात झाला नव्हता. आई आत गेली आणि आबांची टोपी घेऊन आली.

"आज बाजार हाय ना?" आबांनी विचारलं.

"हाय."

"मग बघतोस काय? मी मागं सरकतो. हळू हाक."

बेल्ह्यात गाडी लावली तर ओळखीचा एक व्यापारी आधी गाडीपाशीच आला. चघळलेला गोंडा हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला.

"आबा, ह्यो तुमच्या डाव्याचा न्हवं का?"

"व्हय."

"आन् ह्ये जनावर? इकायला आणलंय का?"

आबांनी सीटवर हात ठेवला. "न्हाई राव. ह्ये ऱ्हायला आलंय," म्हणाले, आणि मोकळ्या हातांनी बैलांच्या रांगेत शिरले.