दीड हात मागे

रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये तिला सगळे काकू म्हणत. तिच्याहून वयाने थोराड फिटरसुद्धा. याचा तिला राग येई, पण राग धरून बसायला वेळ कुणाला होता! नवरा गेल्यावर ती त्याच्या जागी लागली आणि अकरा वर्षं टर्नटेबल सांभाळत होती. टर्नटेबल म्हणजे गोल खड्ड्यावरचा, मधल्या खुंट्यावर तोललेला फिरता पूल. इंजिन त्यावर उभं करायचं, टोकाच्या लांब दांड्याला खांदा लावून पूल ढकलायचा, इंजिनाचं तोंड फिरलं की परत पाठवायचं. मोटरबिटर काही नाही. अक्कल तेवढी हवी.

मग रेल्वेने जुन्यांच्या जागी बारा नवी इंजिनं घेतली. एकेक म्हणजे चाकांवरचा बंगलाच! जुनी त्यांच्यापुढे चहाच्या किटल्या. पहिलं इंजिन लांबची मालगाडी ओढून आलं, त्या सकाळी मुख्य कचेरीतले साहेबही टेप घेऊन हजर. त्यांनी पूल मोजला, इंजिन मोजलं, खडूने रेघ मारली आणि दोन्हींचं मधोमध जुळवून इंजिन उभं करवलं. आठ जणांनी जोर लावला. पूल ढिम्म हलेना.

"झेपत नाही याला," साहेब म्हणाले. "ही इंजिनं दुसऱ्या शेडला देऊ. इथलं टर्नटेबल बंद."

टर्नटेबल बंद म्हणजे काकूची नोकरी गेली, रेल्वेची खोली गेली, आणि धाकट्या मुलीच्या कॉलेजचं काय ते बघायलाच नको. साहेब वही उघडून लिहायलाही लागले.

"थांबा, लिहू नका," काकू म्हणाली. "लांबी मोजलीत. वजनाचं काय?"

"बाई, मी इंजिनिअर आहे."

"मग तुम्हाला कळायला हवं. मागच्या डब्यातलं, टेंडरमधलं, कोळसा-पाणी वाटेत संपलंय. मागची बाजू हलकी, पुढची जड. पूल पुढे टेकून बसलाय, हलेल कसा?" तिने मान वर केली. ड्रायव्हर तिचाच धाकटा दीर. "भावजी, दीड हात मागे घ्या."

"वहिनी, मागे वीतभर जागा उरेल. खड्ड्यात गेलो तर?"

"तर तुमच्या बायकोला मी तोंड देईन. घ्या."

दिराने वाफ सोडली. काकू खड्ड्याच्या काठावर सरळ पालथी पडली, पदराची पर्वा न करता. पुलाच्या पुढच्या टोकाखालची चाकं खड्ड्यातल्या गोल रुळावर घट्ट बसली होती. इंजिन इंच-इंच मागे सरकलं.

"अजून... अजून जरा... बस्स!"

चाक आणि रूळ यांच्यामध्ये केसाएवढा उजेड दिसला. ती उठली, गुडघे झटकले. "साहेब, पलीकडचा दांडा धरा."

"मी?"

"आठ माणसांचं आता काम नाही. दोघं पुरे."

साहेबांनी कोट काढला. दोघांनी खांदा लावला आणि तो अवाढव्य बंगला कुरकुर न करता फिरला. फिटर शिट्ट्या मारायला लागले.

"इथे पक्की खूण रंगवून घेऊ," साहेब धापा टाकत म्हणाले. "मग कुणीही उभं करील."

"रंगवा की. पण कोळसा-पाणी रोज वेगळं उरतं. खूण रोज पुसून नवी काढायला मीच लागणार."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी लिहिलेलं पान टरकन फाडलं.

"बारा इंजिनं फिरवायची तर पावसात उभं राहायला छप्पर लागेल," काकू म्हणाली. "आता ते लिहा. माप मी सांगते."