माईकवाल्या कल्याणचा अबोला

भोकरदनच्या आसपासच्या दहा गावांत लग्न निघालं, की मुहूर्ताच्या खालोखाल कल्याणची सवड बघितली जायची. एरवी माणूस साधा, तीन एकरात मिरची लावणारा. पण लग्नात माईक हातात आला की आवाज असा लागायचा, की पंगतीतला माणूससुद्धा घास हातात धरून ऐकायचा. मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांचा मान असतो. मामा, मावसा, व्याही, एकेकाचं नाव पुकारून त्याला टोपी-टॉवेल द्यायचा. त्यात एक नाव सुटलं तर दोन पिढ्यांचं येणं-जाणं बंद होतं. कल्याणच्या हातून वीस वर्षांत एकही नाव सुटलं नव्हतं. सुटलं ते त्याचं स्वतःचंच.

त्याचं असं झालं, की गेल्या वैशाखात आष्टीला त्याच्या मेहुण्याचं, माऊलीचं लग्न होतं. माईक अर्थातच थोरल्या जावयाकडे. सासऱ्यांनी दिलेली यादी त्याने शेवटच्या चुलत पाहुण्यापर्यंत पुकारली. यादीत त्याचं नाव नव्हतं. जावयाचं नाव काय लिहायचं, तो तर घरचाच, पुकारणारा पुकारेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. आणि पुकारणारा तर हाच. स्वतःच्या तोंडाने स्वतःचा मान कोण मागणार? अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि जावईबापू बिनटोपीचे घरी आले.

घरी आल्यावर दैवशाला, त्याची बायको, हसली. चुकलं असेल तर तेवढंच चुकलं तिचं.

"माईक तं तुमच्याच हातात व्हता," ती म्हणाली, "घ्यायचं पुकारून."

कल्याणच्या ते जिव्हारी लागलं. तेरा वर्षांची लेक आकांक्षा लग्नातले कपडे आवरत होती, तिच्याकडे बघून तो म्हणाला, "आईला म्हणावं, आजपासून माझ्याशी बोलायचं काम न्हाई."

दैवशालाही काही कमी मानी नव्हती. "पप्पाला सांग, मलाबी हौस न्हाई."

नवरा-बायकोचा अबोला आपल्याकडे काही नवलाचा नाही. दोन दिवस भांडी जरा जोरात आपटतात, मग सण येतो नाहीतर कुणाला ताप येतो, आणि मिटतं. यांच्या अबोल्यावरून मात्र पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा पोरीच्या हातून ओसरीवर गेला. पीळ काही सुटेना.

घर मात्र बराबर चालू होतं, कारण पोरगी हुशार होती. "त्यांला म्हणावं, हातानं घ्या वाढून," असं दैवशाला म्हणाली, की ती ओसरीवर येऊन सांगायची, "पप्पा, आई म्हणती जेवून घ्या." "तिला म्हणावं, भावाला फोन लाव अन् रड," असं कल्याण म्हणाला, की ती चुलीपाशी जाऊन सांगायची, "आई, पप्पा म्हणतात मामाला फोन कर, लई दिवस झाले." भिंत पातळ, कल्याणला दोन्हीकडचं ऐकू यायचं. लेक निरोपातले काटे काढते हे त्याला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. पोरगी लई शहाणी निघाली, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचाही. आता काय म्हणावं या माणसाला.

दिवाळीनंतर या शहाण्या लेकीचं पोट दुखायला लागलं. आधी सकाळी, मग शाळेतून आल्यावर, मग केव्हाही. ताटावर बसली तरी कान आईबापाकडे. कोण काय बोलतं आणि ते कसं सांगायचं, यातच तिचा घास निवून जायचा. जानेवारीत शाळेची सहल अजिंठ्याला निघाली. आठवीचा सगळा वर्ग गेला, ही घरी राहिली. पोट दुखतं, एवढंच म्हणाली. वर्गातल्या बाईंना मात्र तिने वेगळं सांगितलं होतं: "मी गेल्यावर घरी कोण बोलणार?" हे कल्याणला फार उशिरा कळलं.

ओवा झाला, दृष्ट काढून झाली, गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका सोमवारी तिघं एसटीने भोकरदनला निघाले. तिघांच्या बाकावर आकांक्षा मधे, नेहमीसारखी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफीचा कागद पाहिला. काही निघालं नाही. "कुठं दुखतं, बाळा?" त्यांनी विचारलं.

आकांक्षाने आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे. "आई म्हणती बेंबीपाशी दुखतं. पप्पा म्हणतात शाळेचा कंटाळा आला असंल."

"ते झालं. तू काय म्हणतेस?"

पोरीचे ओठ हलले. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. डोळे भरून आले, पण बोलणं काही येईना. "माझं काय न्हाई," ती शेवटी म्हणाली.

बाईंनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि या दोघांना विचारलं, "घरात काय चाललंय?" दोघांनी दाराकडे बघितलं. सांगणारी बाहेर बसली होती. शेवटी दैवशालानेच रडत रडत सगळं सांगितलं.

"चार दिवसांच्या गोळ्या देते," बाई म्हणाल्या, "पण दुखणं पोटाचं नाही. तुम्हा दोघांचं सांभाळता सांभाळता ती स्वतःचं बोलायची थांबलीय. तुमचं तुम्ही बोला. पंधरा दिवसांनी पुन्हा आणा. तेव्हाही अशीच असली, तर जालन्याला मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू."

कल्याण स्टँडपर्यंत खाली मान घालून चालला. आकांक्षा स्वतःचं म्हणून शेवटचं काय बोलली होती, ते तो आठवत होता. मला हे पाहिजे, मला हे नको, असलं काहीतरी. दिवाळीपासूनचं एकही आठवेना. लोकांच्या चुलत्या-मामांची नावं पाठ असलेल्या या माणसाला स्वतःची फार लाज वाटली.

परतीच्या गाडीत दैवशालाने पोरीला मळमळ नको म्हणून खिडकीशी बसवलं. मधे स्वतः बसली, कडेला कल्याण. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच दोघं शेजारी आले. आकांक्षाने डोळे मिटून घेतले. दोन थांबे गेले. हजार माणसांच्या मांडवात न अडखळणाऱ्या कल्याणने हातातलं तिकीट चार वेळा उलटसुलट केलं. शेवटी समोरच्या सीटकडे बघत तो म्हणाला, "पोरगी सकाळधरून उपाशी हाय. घरी गेल्यावर काय करावं हिला?"

खिडकीशी टेकलेली आकांक्षा डोळे न उघडताच म्हणाली, "आई, पप्पा म्हणतात..."

दैवशालाने तिच्या गालावर हात ठेवला. "ऐकलं मी. तू नीज." मग नवऱ्याकडे न बघता, "वरणफळं करते. आवडतात तिला."

आता गोडीगुलाबीने सगळं मिटलं असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. संध्याकाळी वरणफळं उकळत असतानाच टोपी-टॉवेलाचा विषय निघाला आणि दोघं कडाकडा भांडले. नऊ महिन्यांचं साचलेलं होतं, ते थेट तोंडावर निघालं. आवाज ऐकून शेजारची गोजरबाई मिटवायला धावत आली. बघते तर आकांक्षा उंबऱ्यापाशी ताट घेऊन जेवत बसलेली, दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं.

"काय झालं गं?" गोजरबाईने घाबरून विचारलं.

"काय न्हाई," आकांक्षा म्हणाली. "बोलून राह्यलेत."

तिने ताट पुसून खाल्लं, हात धुतले आणि आत येऊन दोघांच्या मधे उभी राहिली. "मला अजिंठ्याला जायचं व्हतं," ती म्हणाली.

दोघंही एकदम थांबले. कल्याण तिच्यासमोर खाली बसला.

"पुन्यांदा म्हण बरं," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.